टेक यूजर ग्रुप सुरू करताय? मग या चुका टाळा

पायथन घ्या, जावा घ्या, लिनक्स, वर्डप्रेस नाहीतर एखादा डेटाबेस घ्या, जगात कुठल्याही शहरात यूजर ग्रुपची, म्हणजे एकच तंत्रज्ञान वापरणाऱ्या आणि नियमित भेटणाऱ्या लोकांच्या गटाची, कुंडली साधारण सारखीच निघते. पहिल्या मीटअपला हॉल भरतो, दुसऱ्याला अर्धा, पाचव्याला स्पीकर आणि ऑर्गनायझर एकमेकांकडे बघत बसतात, आणि मग ग्रुपचं वेबपेज तसंच पडून राहतं. लोक म्हणतात आजकाल कोणाला इंटरेस्टच नाही. मला हे फारसं पटत नाही, इंटरेस्ट बऱ्याचदा असतो, पण सगळं एकाच माणसाच्या जिवावर चाललेलं असतं आणि तो दमला की ग्रुप बसला.

थाटामाटात सुरुवात

लोगो, वेबसाइट, टीशर्ट, चार ठिकाणी सोशल मीडिया हँडल आणि पहिलाच कार्यक्रम दोनशे लोकांचा. एवढं केल्यावर दुसऱ्या महिन्यात अंगात काही उरतच नाही. कॅलिफोर्नियातला हौशी कम्प्युटरवाल्यांचा होमब्रू कम्प्युटर क्लब 1975 च्या मार्चमध्ये मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये सुरू झाला, तीसेक माणसं आणि बघायला अल्टेअर 8800 नावाचा एक छोटा कम्प्युटर, बस. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वोझनियॅक पुढे कंपनीच्या पहिल्या कम्प्युटरचं, ॲपल-1 चं, डिझाइन दाखवायला घेऊन आला तो याच क्लबात.

त्यामुळे आधी फक्त दिवस ठरवा. महिन्यातला दुसरा मंगळवार म्हणजे दुसरा मंगळवार, पाच जण आले तरी चालेल. दर महिन्याला "सगळ्यांना कधी जमेल" म्हणून पोल टाकलात की संपलं, कारण सगळ्यांना जमेल असा दिवस नसतोच आणि पोलवर भांडण्यात पंधरा दिवस जातात.

नुसते टॉक, टॉक आणि टॉक

दीड तास स्लाइड्स, पाच मिनिटं प्रश्न आणि घरी. अहो, टॉक तर घरबसल्या व्हिडिओवर पण बघता येतो, माणूस एवढा प्रवास करून येतो तो कोणाशी तरी बोलायला! होमब्रूमध्ये ली फेल्सेनस्टाईन मीटिंग चालवायचा तेव्हा एक छान पद्धत होती. आधी 'मॅपिंग', म्हणजे लोक उठून थोडक्यात सांगणार की मी अमुक करतोय, माझ्याकडे तमुक आहे, मला हे हवंय. मग 'रँडम ॲक्सेस', म्हणजे ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याने त्याला गाठायचं, कोणी कोणाला थांबवणार नाही. ही पद्धत आजही जशीच्या तशी उचलता येते आणि तिला प्रोजेक्टर पण लागत नाही. एक टॉक ठेवा हवं तर, वीस-पंचवीस मिनिटांचा, पण मोकळा वेळ त्याच्याहून जास्त असू दे.

स्पीकर मिळत नाहीत ही तक्रार पण इथेच सुटते. "टॉक द्याल का" म्हटलं की लोक पळतात, पण मॅपिंगमध्ये जो म्हणाला की मी हा बग दोन आठवडे शोधत होतो, त्याला पुढच्या वेळी पाच मिनिटं तेवढंच सांग म्हणा, बहुतेक जण हो म्हणतात.

सगळ्या किल्ल्या एकाच खिशात

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) एकाच्या नावावर, ईमेलचा पासवर्ड त्याच्याच डोक्यात, जागेवाल्याशी ओळख त्याचीच, पैसेही त्याच्याच खात्यात. मग त्याला नोकरी बदलावी लागते, बाळ होतं, किंवा साधा कंटाळा येतो (येतोच कधीतरी, त्यात वाईट काही नाही) आणि ग्रुप गायब. मीटअप डॉट कॉम या कार्यक्रम ठरवायच्या साइटवर तर पेजचं सबस्क्रिप्शन ऑर्गनायझर भरतो, त्याने पद सोडलं आणि दुसरं कोणी पुढे आलं नाही तर पेज बंद होतं, आणि सदस्यांचे ईमेल तुमच्या हातात नसल्यामुळे त्यांना गोळा करणंही अवघड जातं. म्हणून पहिल्या महिन्यापासून स्वतःची साधी ईमेल लिस्ट ठेवा, लोकांना विचारूनच बरं का, आणि सगळ्या अकाउंटवर निदान दोन ॲडमिन.

आणि "कोणी मदत करणार का?" असं ग्रुपवर विचारू नका, त्याला फक्त अंगठे येतात. एका माणसाला बाजूला घेऊन एकच ठोस काम द्या, पुढच्या वेळी दारावर तू उभा राहा, किंवा फोटो तू टाक. दोन-तीनदा केलं की मग एक अख्खी मीटिंग त्याला चालवू द्या आणि तुम्ही त्या दिवशी मुद्दाम जाऊ नका.

स्पॉन्सर डोक्यावर बसणं

जागा आणि खाणं दिलं म्हणून कंपनीला चाळीस मिनिटांचं सेल्स डेमो देऊ नका. आधीच सांगून ठेवा, दोन मिनिटं बोला, भरती चालू असेल तर सांगा, बास. आयबीएमच्या कम्प्युटर वापरणाऱ्यांनी 1955 मध्ये शेअर नावाचा ग्रुप काढला, तो आजही चालू आहे, आणि तो निघाला होता तो वापरणाऱ्यांनी एकमेकांना प्रोग्रॅम द्यावेत, तीच कामं पुन्हा पुन्हा करू नयेत म्हणून. कंपनीकडे काय मागायचं हे वापरणाऱ्यांनी ठरवायचं असतं.

नवीन माणूस कोपऱ्यात

जुने लोक गोल करून उभे, नवीन आलेली मुलगी फोन बघत बसलेली, पुढच्या महिन्यात ती येत नाही. एक माणूस फक्त दारावर ठेवा, तो नवीन आलेल्याची दोघांशी ओळख करून देईल. आचारसंहिता लिहाच, पण तिच्यात तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव आणि नंबर असू दे, नाहीतर तो नुसता कागद. पायथन वापरणाऱ्या बायकांसाठीचं पायलेडीज 2011 मध्ये आणि बायकांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं जँगो गर्ल्स 2014 मध्ये सुरू झालं ते काही उगाच नाही.

बाकीच्या किरकोळ दुखण्यांवर झटपट

साठ जणांनी येतो म्हटलं आणि पंचवीस आले? फुकट कार्यक्रमात हे होणारच, खाणं त्या हिशोबानेच मागवा आणि आदल्या दिवशी एक आठवण पाठवा. चॅट ग्रुप नोकरीच्या जाहिरातींनी भरला? त्यांच्यासाठी वेगळा चॅनल काढा. सदस्यसंख्या हजारोंत आणि येतात बाराच? हजार विसरा, बारातले किती जण परत परत येतात ते बघा.

बॉस्टन कम्प्युटर सोसायटी हा यूजर ग्रुपच, 1977 मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या तेरा वर्षांच्या मुलाने सुरू केली, सदस्य तीस हजारांच्या वर गेले, आणि तरी 1996 मध्ये ती बंद झाली. तेव्हा आकड्यांवर विसंबू नका, आणि बंद करायची वेळ आलीच तर ती पण नीट करा: सगळ्यांना ईमेल टाका, स्लाइड्स आणि रेकॉर्डिंग कुठेतरी कायमचे ठेवा, उरलेले पैसे जवळच्या दुसऱ्या ग्रुपला द्या आणि कोणाला नावासकट पुढे चालवायचं असेल तर डोमेनही देऊन टाका.