दारं-खिडक्यांच्या मालाचा हिशोब काढताना या चुका टाळा

दहा चौकटींचं एस्टिमेट घ्या. दार साडेतीन बाय सात, उंबरा नाही. सात-सात फुटांच्या दोन उभ्या, वर साडेतीनची आडवी. म्हणजे एका चौकटीला साडेसतरा रनिंग फूट (नुसत्या लांबीचे फूट), दहांना 175. बार, म्हणजे विकत मिळणारी सलग लांबी, 12 फुटी. भागाकार केला, 15 बार. वेस्टेज 5 टक्के धरलं की 16. गणित बरोबर आहे, तरी माल कमी पडणार.

कारण 12 फुटांतून सात फुटांचा एकच तुकडा निघतो. उभ्या 20, म्हणून बारही 20. उरलेल्या पाच-पाच फुटांच्या तुकड्यांपैकी दहांतून आडव्या निघतील, बाकीचे दहा खिडक्यांना वापरता आले तर ठीक. लाकूड असो की अ‍ॅल्युमिनियम, कागदावर बारची रेघ ओढून त्यात तुकडे बसवून बघायचे. दुसरा उपाय नाही.

मग 14 फुटी घेतला तर दोन उभ्या निघतील ना? नाही. करवतीचा काप दोन-तीन मिलिमीटर खातो, टोकं छाटावी लागतात, आणि उभ्या फरशीत उतरवायच्या असतील तर सातावर आणखी एक-दोन इंच लागतात. 15 फुटी मिळाला तर मात्र हेच काम 13 बारांत होतं: दहांतून उभ्या, तिनांतून आडव्या.

लाकडात रंध्याने जाणारी जाडीही मोजा. ड्रॉइंगवरचं पावणेपाच बाय पावणेतीन इंच हे तयार माप, विकत घ्यायचं पाच बाय तीन. त्याच 175 फुटांना तयार मापाने 15.9 घनफूट येतं, चिराऊ, म्हणजे रंध्याआधीच्या मापाने 18.2.

बांधकामानंतर बसवायच्या तयार खिडक्या नुसत्या प्लॅनवरून मागवू नका. ओपनिंगची रुंदी वर, मध्ये, खाली मोजा, उंचीही तीन ठिकाणी. सगळ्यांत लहान माप धरा आणि कर्णही ताडून बघा. मोजमाप गिलाव्याआधीचं की नंतरचं, हे वहीत तिथल्या तिथे लिहा. चार दिवसांनी आठवत नाही.

बिजागऱ्या दारावर नाही, पल्ल्यावर (उघडझाप होणाऱ्या भागावर) मोजतात. पल्ल्याला तीन धरल्या तर दुपाखी दाराला सहा. पल्ला डावा की उजवा, हे बघायचं ते बिजागरी आणि कुलूप मागवण्याआधी. काच मात्र पल्ला तयार झाल्यावर, खाचेत टेप घालून. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच नंतर कापता येत नाही.