उन्हाळ्यात हार्ड डिस्क गार ठेवायची, आवाजही थांबवायचा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडं लग्नांचा सपाटा एप्रिल-मेमध्ये असतो आणि पाराही तेव्हाच 45 च्या घरात जातो. शूटिंगचं एडिटिंग त्याच दिवसांत. मंगलाष्टकांचा आवाज साफ करताना कॉम्प्युटरचं कॅबिनेट घुमत असेल तर कानाला काहीच धड कळत नाही. आणि लोकांची लग्नं ज्या डिस्कवर आहेत, ती तापलेली मला बघवत नाही.

आवाज थांबवायला काहीजण डिस्कला फोम गुंडाळतात. कृपा करून ते करू नका. डिस्कची उष्णता स्क्रूंमधून कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते आणि थरथरही त्याच वाटेनं उतरते. ही वाट तोडली की घुमणं थांबतं, पण मग उष्णता काढायला वारा लागतोच. फोम नेमका वाराच अडवतो.

7200 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते. पत्रा घुमतो तो त्यामुळं. डीव्हीडी ड्राइव्हचा कप्पा रिकामा असेल तर उत्तम, तिथं साडेतीन इंची डिस्कच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते. प्लग काढून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापा, कप्प्याच्या भोकांतून आरपार ओवा आणि पुढं एक, मागं एक अशा झोळीत डिस्क आडवी ठेवा. खालचं सर्किट पत्र्याला टेकता कामा नये. डिस्कवर हवेचं बारीक छिद्र असेल तर त्यावर रबर येऊ देऊ नका. केबल सैल सोडा. ताणलेल्या केबलमधून थरथर पुन्हा पत्र्यात जाते. आपल्याकडच्या उन्हात रबर चिकट होतं, म्हणून पट्ट्या दर होळीला बदलाव्यात. कॅबिनेट कुठं न्यायचं असेल तर आधी डिस्क बाहेर काढा.

आता वारा. डिस्कच्या समोर 120 मिमीचा पंखा लावा आणि बायोसमधून, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून, त्याची गती कमी करा. मोठा पंखा हळू फिरला तरी पुरतो, आणि ऐकूही येत नाही. बाजूचं झाकण मात्र लावलेलंच असू द्या, नाहीतर वारा डिस्ककडं न जाता भलतीकडूनच निघून जातो. जिनिंगजवळ राहत असाल तर हिवाळाभर जाळीवर कापसाच्या तंतूंचा थर बसतो. उन्हाळ्याआधी तो ब्रशनं काढाच. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा.

खोलीत कूलर हवाच, कारण खोलीच्या हवेपेक्षा डिस्क गार होत नाही. पण कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात नको, तुषार आत जातात.

तापमान क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये दिसतं, तो फुकट आहे. बहुतेक डेस्कटॉप डिस्कची मर्यादा 60 अंश असते. मी 50 दिसले की कॉपी थांबवतो आणि मोठी कामं पहाटे लावतो. नुसत्या साठवणीला पुढची डिस्क 5400 आरपीएमची घ्या, कमी तापते आणि कमी घुमते.

एवढं करूनही अचानक नवी टकटक सुरू झाली, तर रबर तपासत बसू नका. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या.