घाबरट मांजराला कॅट फ्लॅप वापरायला कसं शिकवायचं

दाराला कॅट फ्लॅप, म्हणजे मांजराला आपलं आपण ये-जा करता यावी म्हणून दाराच्या तळाशी भोक पाडून लावलेली झुलती झडप, बसवून होतो, सगळे कौतुकाने बघतात, आणि मांजर मात्र त्याच्यासमोर बसून तुमच्याच तोंडाकडे बघतं की दार कधी उघडताय. काही मांजरं पहिल्याच दिवशी डोकं घालून पलीकडे निघून जातात, त्यांना काही शिकवावं लागत नाही. बाकीच्यांचं नेमकं कुठे अडतं ते आधी समजून घेतलं तर पुढचं बरंच सोपं जातं, नाहीतर आपण हातात खाऊ घेऊन ये ये करत बसतो आणि ते हलत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मांजराला भोकाची भीती नसतेच. रिकामा खोका दिसला की आत, कपाटाचं दार किलकिलं राहिलं की आत. इंग्लंडमधे एक्सेटरचं कॅथेड्रल आहे, तिथल्या जुन्या घड्याळाखालच्या लाकडी दाराला तळाशी एक गोल भोक आहे, सुमारे ४०० वर्षांपूर्वी मांजराने आत जाऊन उंदीर धरावेत म्हणून पाडलेलं, आणि त्याला झडप वगैरे काही नाही. त्या मांजराला कोणी शिकवत बसलं असेल असं मला तरी वाटत नाही. म्हणजे घोळ भोकाचा नाही, झडपेचा आहे. ती अंगाला लागते, आवाज करते, आणि पलीकडे कोण आहे ते धड कळू देत नाही. त्यात मांजराला नाकासमोरचं, साधारण २५-३० सेंटीमीटरच्या आतलं, स्पष्ट दिसत नाही, एवढ्या जवळचं काम ते मिशांवर भागवतं. त्यामुळे झडपेशी आल्यावर आधी मिशा टेकतात, आणि टेकल्या टेकल्या ती वस्तू हलते. दचकणारच ना.

म्हणून ही भीती तुकड्यातुकड्याने घालवायची. आधी नुसतं भोक, मग स्पर्श, मग आवाज, एका वेळी एकच. तिन्ही एकदम समोर आली की घाबरट मांजर तिथून उठून जातं.

सुरू करण्याआधी

पिल्लू असेल तर नसबंदी, लसी आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीच्या नंबराची चिप) झाल्याशिवाय बाहेर सोडायची घाई नको. मांजर घरात नवीन आलं असेल तर पहिले निदान २-३ आठवडे घरातच राहू द्या, त्याला घर आपलं वाटलं की मगच फ्लॅपचा विषय काढा.

फ्लॅपची उंची बघा. भोकाची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीला यायला हवी, मोठ्या मांजरासाठी जमिनीपासून साधारण १५ सेंटीमीटर. आणि हे दोन्ही बाजूंनी मोजा, कारण आतून उंची बरोबर असते पण बाहेर पायरी खाली असली की तिकडून तेच भोक छातीवर येतं, मग मांजर बाहेर जातं पण परत येत नाही आणि आपल्याला वाटतं की हट्टी आहे. बाहेर एखादा रुंद, न हलणारा ठोकळा ठेवला की काम होतं. डुगडुगणारा नको, त्याने उलट भीती वाढेल.

झडप पूर्ण वर

झडप काढता येत असेल तर सरळ काढून ठेवा, नसेल तर वर उचलून पक्क्या चिकटपट्टीने किंवा दोरीने बांधा. पक्क्या म्हणजे खरंच पक्क्या, हाताने दोनतीनदा ओढून बघा, कारण मांजर अर्धं आत असताना झडप सुटून पाठीवर पडली तर मग दुधाने तोंड पोळलेला जसा ताकही फुंकून पितो तशी गत होते, पुढचे कित्येक दिवस ते त्या दाराच्या वाऱ्याला उभं राहणार नाही.

वेळ जेवणाच्या थोडी आधीची निवडा, पोट भरलेल्या मांजराला खाऊची काय पडलीय. त्याला सगळ्यात आवडणारा, वासाचा खाऊ घ्या, रोजचा कोरडा दाणा नको. पहिला तुकडा भोकापासून लांब, जिथे ते आरामात बसून खातं तिथे, मग थोडा जवळ, मग कडेपाशी, मग कडेवर, मग पलीकडे. पलीकडे घरातलं कोणी बसलं असेल तर उत्तम, एकटे असाल तर तुकडा भोकातून पलीकडे टाका. पाच मिनिटं खूप झाली, दिवसातून दोनतीनदा. मांजर उठून गेलं तर जाऊ द्या, मागे मागे जाऊन बोलावू नका.

बाहेर जाणं आणि आत येणं हे त्याच्यासाठी दोन वेगळे धडे आहेत, एक आलं म्हणजे दुसरं आपोआप येतंच असं नाही. घाबरट मांजराला मी आधी आत यायलाच शिकवेन. दारातून बरोबर घेऊन बाहेर जायचं, दार लावायचं, आणि घरातल्या कोणीतरी भोकाच्या आतल्या बाजूने जेवणाची वाटी वाजवायची. आपल्या ओळखीच्या जागेकडे यायला धीर कमी लागतो, बाहेरच्या मोकळ्यावर जायला जास्त.

स्पर्शाची सवय

हा सगळ्यात नाजूक भाग, सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जाऊ द्यावा. भोकातून बिनधास्त ये-जा सुरू झाली की लगेच झडप सोडू नका. आधी झडपेच्या जागी जुन्या पातळ कापडाचा तुकडा पडद्यासारखा लावा, अर्ध्या भोकापर्यंत येईल इतकाच. कापड मऊ असतं, आवाज करत नाही, डोक्याने ढकललं की बाजूला होतं, आणि काहीतरी अंगावरून सरकलं तरी काही होत नाही एवढं मांजराला कळतं. दोन दिवसांनी कापड थोडं लांब करा.

मग खरी झडप, पण अर्धवट उघडी. कपड्याचा चिमटा लावून किंवा दोरीने ओढून इतकी वर ठेवा की खालून मांजर वाकून जाईल आणि झडपेची कड फक्त पाठीला लागेल. रोज थोडी थोडी खाली आणा. एक टप्पा असा येतो की आता ढकलल्याशिवाय जाता येत नाही, आणि तिथे मांजर थबकतं. मान लांब, मिशा पुढे, एक पाय हवेत उचललेला, आणि नाक झडपेला लागलं की कान मागे जातात आणि ते पाऊलभर सरकतं. या क्षणी आपल्याला फार बोलावंसं वाटतं. बोलू नका, हात लावू नका, झडप उचलून मदत तर अजिबात नको. ते पुन्हा पुढे येतं. कपाळाने किंचित जरी ढकललं आणि झडप हलली, तर लगेच खाऊ, पूर्ण पलीकडे जायची वाट बघायची नाही. काही मांजरं ढकलत नाहीत, नखाने झडप स्वतःकडे ओढून खालून घुसतात. चालतं, त्यांची पद्धत त्यांना करू द्या.

मऊ कोरडं फडकं मांजराच्या गालावरून हलकेच फिरवून ते झडपेच्या कडांना पुसायचं. मांजर गाल घासून जो वास सोडतं तो त्याला ओळखीचा, त्यामुळे वस्तू परकी वाटत नाही. आणि हो, फ्लॅप बसवल्यावर उग्र वासाच्या फिनेलने पुसून चकचकीत करू नका.

पूर्ण बंद झडप

बऱ्याच फ्लॅपच्या खालच्या कडेला लहानसं लोहचुंबक असतं, वाऱ्याने झडप फडफडू नये म्हणून. त्यामुळे पहिला धक्का जोरात द्यावा लागतो, आणि नेमकं तेच घाबरट मांजराला जमत नाही, ते हळूच ढकलतं आणि त्याला वाटतं बंद आहे. शिकेपर्यंत चुंबकावर चिकटपट्टीचे तीनचार थर लावा, धर ढिली पडते. तसंच चार प्रकारे लॉक होणारा (फक्त आत, फक्त बाहेर, दोन्हीकडे उघडा किंवा पूर्ण बंद) फ्लॅप असेल तर दर वेळी आधी स्वतः बोटाने ढकलून बघा की दोन्हीकडे उघडतोय ना. एकदा धीर करून डोकं लावलं आणि लॉक लागलेलं निघालं तर बरीच मेहनत वाया जाते.

खाऊला न भुलणाऱ्या मांजरासाठी दोरीला बांधलेलं पीस झडपेखालून पलीकडे सरकवा. शिकारीच्या भरात ते झडप विसरतं.

टक असा आवाज

मायक्रोचिपवाला फ्लॅप असेल तर आणखी एक टप्पा आहे. मांजराच्या खांद्यांमधल्या चिपचा १५ आकडी नंबर फ्लॅप वाचतो आणि मग कडी टक करून सरकते, बरोबर डोक्याशी. आपल्याला तो आवाज किरकोळ वाटतो, पण माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि मांजराला ६० च्याही वर, त्यामुळे त्याला त्यात काय काय ऐकू येत असेल ते तेच जाणे. म्हणून ढकलणं पक्कं होईपर्यंत कडी उघडीच ठेवायची, काही फ्लॅपमधे शिकवण्यासाठी वेगळी सोय दिलेली असते, माहितीपुस्तिका बघा. मग आधी मांजर लांब जेवत असताना तो आवाज ऐकवा, हळूहळू वाटी जवळ आणा, आणि नंतरच कडी चालू करा.

धरून ढकलू नका

हे वेगळं लिहितोय कारण सल्ला म्हणून हेच सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं, की एकदा ढकला म्हणजे कळेल. कळतं, पण वेगळंच. फ्लॅप म्हणजे जिथे मला पकडून कोंबतात ती जागा, आणि पकडणारे तुम्ही. मग फ्लॅपही गेला आणि तुमच्यावरचा विश्वासही.

सगळं करूनही जात नसेल

तर जमिनीवर बसून, त्याच्या उंचीवरून बाहेर बघा. समोर एकदम मोकळं अंगण असेल तर मांजराला उघड्यावर पडल्यासारखं होतं, दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवा म्हणजे बाहेर आल्यावर क्षणभर आडोशाला थांबून अंदाज घेता येतो. परका बोका बाहेर ठाण मांडून बसत असेल तर पारदर्शक झडपेतून तो दिसत राहतो, मग तिथे कागद लावलेला बरा. पण त्याने बोका जात नाही, त्याचा बंदोबस्त वेगळा करायला लागेल. घरात दोन मांजरं असतील तर एक दुसऱ्याला बघून पटकन शिकतं हे खरं, पण कधी कधी त्यातलंच दांडगं झडपेपाशी दबा धरून दुसऱ्याला फटके मारतं, आणि आपल्याला दिसतं फक्त एक जात नाही एवढंच. शिकवताना त्या दांडग्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.

एखाद्या टप्प्यावर अडलं तर मागच्या टप्प्यावर जा आणि तिथे दोन दिवस काढा. कोणाला आठवडा लागतो, कोणाला महिना. एकदा दोन्हीकडून यायला जायला लागलं की मात्र त्याच्यासाठी दार उघडणं बंद करा, कितीही म्याव म्याव केलं तरी, नाहीतर दारवान ठेवलेला असताना झडप कोण ढकलेल.

आणि वर्षानुवर्षं वापरणारं मांजर अचानक थांबलं तर शिकवायला बसण्याआधी फ्लॅप तपासा. बॅटरी उतरलेली असते, बिजागरीत कचरा अडकलेला असतो, लाकूड फुगून झडप घट्ट झालेली असते. तिथे सगळं ठीक असेल आणि मांजर वयस्कर असेल, उडी मारून पलंगावर येणंही टाळत असेल, तर सांधे दुखत असण्याची शक्यता आहे, डॉक्टरांना दाखवा आणि तोवर दोन्हीकडे ठोकळे ठेवून चढ कमी करून द्या.