‘मोबी डिक’ रोज एक अध्याय या हिशेबाने कशी वाचावी

हर्मन मेलव्हिल यांची ‘मोबी डिक’ १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. पांढऱ्या देवमाशाने पाय तोडल्यामुळे सूडाने पेटलेला कॅप्टन एहॅब, त्याचे ‘पीक्वोड’ जहाज आणि निवेदन करणारा खलाशी इश्माएल, एवढे कथानक अनेकांना ऐकून माहीत असते. तरीही पुस्तक हाती घेतलेला वाचक पुष्कळदा मध्येच थांबतो, कारण तो शिकारकथेच्या वेगाने वाचू पाहतो आणि मेलव्हिल मात्र वाटेत बसून देवमाशाच्या डोक्याची रचना समजावू लागतात. त्यावर मला एकच उपाय पटलेला आहे : दिवसाला एक अध्याय, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. कादंबरीत १३५ अध्याय आणि एक उपसंहार आहे. बहुतेक अध्याय लहान आहेत; १२२वा तर चार-पाच ओळींतच आटोपतो.

आधी प्रत निवडावी. मूळ इंग्रजी मजकूर स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, परंतु पहिल्यांदा वाचणाऱ्याने तळटीपा आणि जहाजाची आकृती असलेली छापील आवृत्ती घेतल्यास शिडे, डोलकाठ्या आणि दोरखंड यांच्या नावांत तो हरवणार नाही. आरंभी शब्दव्युत्पत्ती आणि देवमाशांविषयीच्या उताऱ्यांची लांबलचक जंत्री आहे. ती चाळून पुढे जावे. तिच्यातच अडकून पुस्तक मिटण्याची गरज नाही.

आरंभाची तारीख मी मुद्दाम ४ डिसेंबर सुचवतो. त्या दिवशी पहिला अध्याय वाचला की २५ डिसेंबरला २२वा अध्याय येतो आणि त्याच अध्यायात, नाताळच्या दिवशी, ‘पीक्वोड’ नँटकेट बेटावरून निघते. ज्याची इतकी चर्चा चाललेली असते तो एहॅब डेकवर प्रथम दिसतो २८व्या अध्यायात, म्हणजे ३१ डिसेंबरला. १४ जानेवारीला, म्हणजे बहुतेक वर्षी संक्रांतीलाच, पांढऱ्या रंगाच्या भीतीवरचा ४२वा अध्याय समोर येतो. हे सारे योगायोग आहेत हे मान्य, पण साडेचार महिन्यांच्या वाचनाला असा पंचांगाचा आधार असला तर खंड पडत नाही.

जेथे वाचक हमखास अडखळतो तो ३२वा अध्याय देवमाशांच्या वर्गीकरणाचा आहे. इश्माएल देवमाशांचे प्रकार छापील पुस्तकांच्या आकारांप्रमाणे, फोलिओ, ऑक्टाव्हो आणि ड्युओडेसिमो असे लावतो, आणि निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने देवमाशाला माशांतून वेगळे काढल्याचे स्वतःच सांगून, तरीही देवमासा हा मासाच आहे असे जाहीर करतो. (मराठीतला ‘देवमासा’ हा शब्द त्याच्याच बाजूचा.) हा अध्याय प्राणिशास्त्राचा धडा म्हणून न वाचता, एका हुशार आणि थोड्या खोडकर खलाशाचे व्याख्यान म्हणून वाचावा. हीच सावधगिरी ५५व्या अध्यायात मराठी वाचकाच्या विशेष उपयोगी पडेल. देवमाशाचे सर्वांत जुने चित्र एलिफंटाच्या लेण्यात असून ते विष्णूच्या मत्स्यावताराचे आहे, असे इश्माएल तेथे ठासून सांगतो. घारापुरीला जाऊन आलेल्या माणसाला तेथील मुख्य लेणे शिवाचे आहे हे ठाऊक असते, त्यामुळे निवेदकाची विद्वत्ता किती पारखून घ्यावी हे त्याला लगेच कळते.

याचा अर्थ माहितीचे अध्याय गाळावेत असा मात्र नाही. कित्येक जण ‘गोष्ट तेवढी वाचा’ असा सल्ला देतात. तो मला मुळीच मान्य नाही. ६०वा अध्याय केवळ हार्पूनला, म्हणजे देवमाशावर फेकायच्या भाल्याला, बांधलेल्या दोरावर आहे : दोनशे वावांहून, म्हणजे सुमारे ३६५ मीटरहून, अधिक लांबीचा तो दोर टबात कसा गुंडाळतात आणि होडीभर वल्हेकऱ्यांच्या मधून कसा फिरवतात. दुसऱ्याच दिवशी, ६१व्या अध्यायात, पहिला देवमासा मारला जातो आणि तोच दोर सळसळत सुटतो. पुढे शेवटच्या अध्यायातही तो दोर येतो, आणि ६०वा अध्याय गाळलेल्या वाचकाला त्या क्षणाची धास्ती अर्धीच जाणवते. म्हणून असा अध्याय संपल्यावर, त्यातली कोणती वस्तू पुढे कामाला येईल असे वाटते, ते वहीत एका ओळीत लिहून ठेवावे.

त्याच वहीत एक पान जहाजांसाठी राखावे. भर समुद्रात दोन शिकारी जहाजे भेटली की खलाशी एकमेकांकडे जात, त्या भेटीला ते ‘गॅम’ म्हणत. ‘पीक्वोड’ला अशी नऊ जहाजे भेटतात, उदाहरणार्थ ५२व्या अध्यायात ‘अल्बाट्रॉस’, १२८व्यात ‘रेचेल’ आणि १३१व्यात ‘डिलाइट’. जहाजाचे नाव, त्याच्यावर काय गुदरले आहे आणि एहॅबने त्याला काय विचारले, एवढे टिपले तरी एहॅबच्या मनाचा उतार एप्रिलच्या मध्यापर्यंत डोळ्यांसमोर राहतो.

एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दोन अध्याय वाचून भरपाई करू नये. तारीख एक दिवस पुढे ढकलावी. अपवाद ३७ ते ४० या चार अध्यायांचा : ते नाटकासारखे, स्वगते आणि रंगसूचना घालून लिहिलेले आहेत आणि एका बैठकीत मोठ्याने वाचल्यास अधिक रंगतात. कान साथ देत असतील तर इंग्लंडमधील प्लिमथ येथून २०१२ मध्ये सुरू झालेला श्राव्य उपक्रमही आहे, ज्यात प्रत्येक अध्याय वेगळ्या व्यक्तीने वाचला आहे.

शेवटच्या तीन अध्यायांत मात्र घाई अजिबात करू नये. पाठलाग तीन दिवस चालतो आणि प्रत्येक दिवसाला एक अध्याय आहे. १५, १६ आणि १७ एप्रिल (लीप वर्षी एक दिवस आधी) या तारखांना वाचकाचा दिवस आणि जहाजाचा दिवस एकच होतो. रात्री ‘पुढे काय’ या प्रश्नासह पुस्तक मिटावे लागते, तसेच त्या खलाशांनाही झोपावे लागले होते. त्यानंतर १८ तारखेला उपसंहाराचे छोटेसे पान उरते. १८५१च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये ‘द व्हेल’ या नावाने निघालेल्या तीन खंडांच्या आवृत्तीत ते छापलेच गेले नव्हते, आणि मग ही हकिगत सांगायला उरले कोण, असा प्रश्न तिथल्या समीक्षकांनी केला होता.