'क्रूसेडर' मराठीत आणताना

इंग्रजी मजकुरात 'क्रूसेडर' हा शब्द आला की आधी एकच पाहायचं: माणूस अकराव्या ते तेराव्या शतकातला आहे का? असेल तर 'क्रूसेडर' तसाच ठेवा. मुळाशी लॅटिन 'क्रुक्स' आहे, म्हणजे आपला क्रूस; जेरुसलेम मुस्लिम सत्तेकडून घेण्यासाठी आणि राखण्यासाठी युरोपातल्या ख्रिस्त्यांनी काढलेल्या मोहिमा म्हणजे क्रूसेड; त्यांवर निघालेले लोक कापडाचा क्रूस खांद्यावर शिवून घेत. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पहिल्या मोहिमेची हाक दिली, १०९९ मध्ये जेरुसलेम त्यांच्या हाती आलं आणि १२९१ मध्ये एकर हे तिथलं बंदर त्यांच्या हातून गेलं.

अशा ठिकाणी 'धर्मयोद्धा' लिहायचा मोह होतो, आणि घोळ तिथेच होतो. मराठी वाचकाला धर्मयुद्ध म्हटलं की कुरुक्षेत्र दिसतं. नियम पाळून लढलेलं, न्याय्य युद्ध. आता १२०४ घ्या. क्रूसेडरांनी ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटलं. इथे 'धर्मयोद्ध्यांनी शहर लुटलं' लिहिलंत, तर मूळ लेखकाने न मारलेला टोमणा तुमच्या वाक्यात येतो.

कथा-कादंबरीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. १०९९ मधल्या पात्राच्या तोंडी 'आम्ही क्रूसेडर' शोभत नाही, कारण ते लोक स्वतःला यात्रेकरू म्हणवत. अरब त्यांना 'फ्रंज' म्हणत, म्हणजे फ्रँक, पश्चिम युरोपातले लोक. आपला 'फिरंगी' त्याच कुळातला, त्यामुळे अरब पात्राच्या तोंडी तो बेधडक घाला. इतका नेमका शब्द आयता क्वचितच मिळतो.

लाक्षणिक अर्थाचं तंत्र वेगळं. समजा, आगरकरांवरच्या इंग्रजी लेखात 'क्रूसेडर अगेन्स्ट चाइल्ड मॅरेज' असं आहे. 'बालविवाहाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारणारे आगरकर' हे कानाला भारदस्त लागतं, पण अर्थाने उलटं पडतं: ज्या रूढींना धर्माचा आधार दिला जात होता, त्यांच्याशीच हा अज्ञेयवादी माणूस भांडत होता. इंग्रजी नाम सोडा, मराठी क्रियापद धरा: 'आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या "सुधारका"तून बालविवाहाविरुद्ध रान उठवलं.' पुण्यातल्याच फुले दांपत्याबद्दल लिहिताना मात्र 'रान उठवणं' अपुरं पडतं. १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा काढली, तेव्हा त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा 'विडा उचलला'. रान कशाच्या तरी विरुद्ध उठतं, विडा कशासाठी तरी उचलतात. इंग्रजी शब्द दोन्हीकडे एकच असतो, म्हणून पुढचं शब्दयोगी अव्यय ('अगेन्स्ट' की 'फॉर') नीट वाचा.

लेखकाचा सूर नापसंतीचा असेल, तर 'झपाटलेला' किंवा 'हट्टाला पेटलेला' चालेल.

अनेकवचनासाठी 'क्रूसेडर्स' नको. एक क्रूसेडर, चार क्रूसेडर, क्रूसेडरांनी, 'डॉक्टर'सारखंच चालवा. ऱ्हस्व-दीर्घही एकच ठेवा: 'क्रूस' दीर्घ लिहून पुढच्या पानावर 'क्रुसेडर' केलंत, तर दोन शब्दांचं नातं वाचकाच्या डोळ्यांना दिसत नाही.