कारागिरांनी दर ऑनलाइन कसे लिहावेत

प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियनने दर ऑनलाइन टाकले नाहीत, तर “किती घ्याल?” एवढेच विचारणारे फोन दिवसभर येत राहतात, आणि सरसकट टाकले, तर जागेवर गेल्यावर घासाघीस होते.

१. पंखा बसवणे, नळ बदलणे अशा ठरावीक कामांचीच मजुरी व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये लिहावी आणि सामानाचे पैसे वेगळे पडतील, हे त्याच ओळीत नमूद करावे.

२. भिंतीतली गळती किंवा जुने वायरिंग उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे अशा कामांना आकडा न देता फक्त पाहणीचे शुल्क लिहावे आणि काम दिल्यास ते बिलातून वजा होईल, असे स्पष्ट करावे. वाद बऱ्याचदा याच पैशांवरून होतात.

३. व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकायच्या सवलतीच्या चित्रावरच शेवटची तारीख छापावी, कारण स्टेटस २४ तासांत निघून गेले, तरी त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर पुढच्या दिवाळीपर्यंत फिरत राहतो.

मात्र दर आधी वाढवून मग त्यावर सूट दाखवू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करता येते.