खाणीच्या खालच्या अंगाला शेती असेल तर: गाळतलाव आणि पावसाळा

खुल्या कोळसा खाणीच्या उताराला किंवा खाणीतून निघणाऱ्या नाल्याच्या काठाला ज्यांची जमीन आहे, त्यांनी पेरणीपूर्व कामांबरोबर खाणीच्या गाळतलावाचीही, म्हणजे खाणीतले गढूळ पाणी अडवून गाळ खाली बसवण्याच्या तलावाची, चौकशी करून ठेवावी. तलाव केवढा बांधला आहे, एवढेच विचारून फारसे हाती लागत नाही. आज त्यात रिकामी जागा किती, हे विचारावे.

हिशेब घरबसल्या करता येतो. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १० हजार लिटर पाणी. नमुन्यादाखल, खाणीचे १०० हेक्टर क्षेत्र एका तलावाकडे उतरते आणि दिवसभरात ८० मि.मी. पाऊस होतो असे धरू. वाहनांनी दाबलेल्या उघड्या जमिनीवरून आणि मातीदगडांच्या ढिगांवरून त्यातले ६० टक्के जरी वाहून आले, तरी ४८ हजार घनमीटर पाणी होते. एक हेक्टर पसरलेला, ४ मीटर खोल तलाव कागदावर ४० हजार घनमीटरचा. पण तळाशी मागच्या हंगामाचा मीटरभर गाळ आणि त्यावर मीटरभर जुने पाणी असेल, तर जागा उरली २० हजारांची. बाकीचे पाणी सांडव्यावरून तुमच्या नाल्यात.

ते पाणी गढूळ का येते? गाळ बसायला वेळ लागतो, आणि तोच त्याला मिळालेला नसतो. स्थिर पाण्यात ०.१ मि.मी. जाडीचा वाळूचा कण एक मीटर खाली जायला दोन-एक मिनिटे घेतो. ०.०१ मि.मी.चा पोयट्याचा कण तीन तासांच्या आसपास. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण मात्र तीन दिवसांच्या घरात, तेही वारा किंवा प्रवाह नसताना. भरलेल्या तलावात एका तोंडाने पाणी येते आणि दुसऱ्या तोंडाने तसेच निघून जाते. वाळू अडते, चिकणमाती पुढे येते. गाळ लवकर बसवणारी तुरटीसारखी द्रव्ये वापरली, तर फरक पडतो. पण त्यांनाही थांबायला जागा आणि वेळ हवाच.

म्हणूनच हंगामातल्या पहिल्या मोठ्या पावसाइतकीच, किंबहुना जास्त, काळजी त्यामागून लगेच येणाऱ्या दुसऱ्या पावसाची करावी. पहिला पाऊस रिकाम्या तलावात मावतो. दोन-तीन दिवसांत दुसरा आला आणि मधल्या उघाडीत पाणी उतरवलेले नसेल, तर तलाव असून नसल्यासारखा. उघाडीत नाल्याला संथ, निवळलेले पाणी येत असेल, तर तलाव रिकामा केला जात असण्याची शक्यता आहे; त्यावरून लगेच भांडण काढू नये. खाणीकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: गाळ शेवटचा कधी काढला, किती पावसासाठी तलाव आखला आहे, आणि पाणी सोडण्याआधी कोणाला कळवले जाते. ‘दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ असे उत्तर मिळाले तर निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी १० टक्के शक्यता. दहा वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के.

आता आपल्या बांधाच्या आतले काम. हंगामाच्या सुरुवातीचे नाल्याचे पाणी शेततळ्यात घेऊ नये. उन्हाळाभर उघड्या पडलेल्या खडकावर साठलेले क्षार त्याच पाण्याबरोबर धुऊन येतात. नाल्यावरचा पंप जोराच्या पावसात बंद ठेवावा आणि फूटव्हॉल्व्ह तळापासून वर उचलून बांधावा. नाला आणि पीक यांच्यामध्ये गवताचा रुंद पट्टा राखावा, आणि शेताच्या वरच्या अंगाला चर काढून लोंढा बाजूने वळवावा. विहिरीचे तोंड बांधलेले नसेल तर पावसाआधी कठडा उंच करून घ्यावा; एकदा गाळ आत गेला की उपसा महाग पडतो.

ठिबकवाल्यांनी जास्त सावध राहावे. लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गाळ किंवा १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असेल, तर तोट्या बुजण्याचा धोका मोठा. अशा वेळी फिल्टर रोज धुण्यापेक्षा ते पाणी न घेणे स्वस्त.

आणि नितळ पाण्यावर भाळू नका. कोळशाच्या थरातले गंधकयुक्त लोहखनिज हवा-पाण्याच्या संपर्कात आले की आम्ल तयार होते, आणि आम्लधर्मी पाणी पुष्कळदा काचेसारखे स्वच्छ दिसते. नाल्याच्या दगडांवर नारिंगी थर किंवा बाटलीत ठेवलेल्या पाण्यात काही वेळाने तांबूस साका, ही त्याची खूण. सिंचनाच्या पाण्याचा सामू (पीएच) साधारण ६.५ ते ८.४ असावा. तो नाल्यावरच पट्टीने किंवा मीटरने तपासावा, कारण बाटलीत तो बदलतो.

गाळ शेतात शिरलाच, तर ओल्या मातीत पाय आणि अवजार घालू नये. साचलेले पाणी आधी चर काढून बाहेर द्यावे. वाफसा आल्यावर हलकी कोळपणी करून पापुद्रा फोडावा, म्हणजे मुळांना हवा मिळेल. थर जाड असेल किंवा त्यात काळी कोळशाची भुकटी दिसत असेल, तर तो मातीत मिसळून टाकण्याऐवजी खरवडून बाजूला काढावा आणि पुढचे खत ठरवण्याआधी माती तपासून घ्यावी.

तक्रार करायची झाल्यास नुसता गढूळ नाल्याचा फोटो पुरत नाही. साधे पर्जन्यमापक लावून रोजचा पाऊस वहीत टिपावा. सांडवा वाहू लागल्याची वेळही लिहावी. नमुने दोन घ्यावेत: एक खाणीचे पाणी मिसळण्याच्या वरच्या बाजूला, दुसरा खालच्या बाजूला, त्याच तासात. वरचा नमुना नसेल तर गाळ नाल्याचाच होता, असे उत्तर हमखास मिळते. बाटल्यांवर जागा, तारीख, वेळ लिहून त्या थंड आणि अंधारात ठेवाव्यात व शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत द्याव्यात. लोह आणि इतर धातू तपासायचे असतील, तर त्यासाठीची वेगळी बाटली प्रयोगशाळेकडून आधीच आणून ठेवावी.